टेप फाटकाबाहेरही न्यायचा: उपनगरातलं घर बघताना

उपनगरातल्या घराच्या जाहिरातीत दोन याद्या असतात. एक घराची: तीन बेडरूम, दोन बाथरूम, गाडीची जागा, मागे थोडी बाग. दुसरी परिसराची: शाळा ८०० मीटर, उद्यान ३०० मीटर, दुकानं ५ मिनिटांवर, स्टेशन १० मिनिटांवर. पहिली यादी लोक टेप लावून तपासतात, खोली दहा बाय बारा की अकरा बाय बारा यावर तासभर घालवतात. दुसरी मात्र वाचतात आणि खरी धरतात. खरं तर दुसरीवर जास्त संशय घ्यायला हवा. मधली भिंत पुढेमागे काढता येते, शाळेच्या वाटेत आडवा आलेला मोठा रस्ता काढता येत नाही.

८०० मीटर हा आकडा बहुतेक वेळा नकाशावर सरळ रेघ ओढून आलेला असतो. गल्ल्या एकमेकींना काटकोनात छेदत असतील तर प्रत्यक्ष चाल सरळ रेघेच्या फार तर १.४ पट होते, म्हणजे साधारण ११०० मीटर. तेवढं चालतं. पण उपनगरात गल्ल्या बऱ्याचदा टोकाला बंद असतात. तिथे मागच्या कुंपणापलीकडे दिसणारी शाळा गाठायला आधी मुख्य रस्त्यावर यायचं, वळसा घालायचा आणि पुन्हा आत शिरायचं, असं करत अंतर सहज दुप्पट-तिप्पट होतं. बंद गल्ल्यांची कल्पना मुळात वाईट नव्हती. १९२९ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात रॅडबर्न ही वसाहत वसवली गेली, तेव्हा गाड्या बंद गल्लीत थांबाव्यात आणि माणसांनी घरामागच्या पायवाटेने उद्यानात, शाळेत जावं अशी योजना होती. पुढच्या अनेक वसाहतींनी गल्ल्या उचलल्या आणि पायवाटा गाळल्या. त्याच वर्षी अमेरिकेतलेच नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांनी वस्तीचा जो आराखडा मांडला त्यात शाळा मध्यभागी, तिच्याभोवती सुमारे पाव मैल म्हणजे ४०० मीटरची त्रिज्या आणि मोठे रस्ते फक्त वस्तीच्या कडेने, अशी रचना होती. त्यातली एक कसोटी आजही लावावी: मोठा रस्ता न ओलांडता मूल शाळेत पोचतं का?

मिनिटांचंही तसंच. जाहिरातीतलं मिनिट धडधाकट माणसाचं असतं, मिनिटाला साधारण ८० मीटर. पाच वर्षांचं मूल बोट धरून चालत असेल किंवा गुडघे धरलेले आजोबा बरोबर असतील तर ४५ ते ५० मीटर धरावेत. पाच मिनिटांचं दुकान मग आठ-नऊ मिनिटांचं होतं. सिग्नलवर हा फरक जास्त बोचतो. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा साधारणपणे सेकंदाला १ ते १.२ मीटर या चालीवर बेतलेला असतो. १४ मीटर रुंद रस्त्याला त्या हिशोबाने १२ ते १४ सेकंद मिळतात. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या माणसाला साडेसतरा लागतात. मध्ये थांबायला दुभाजकाचा ओटा नसेल तर तो माणूस तो रस्ता एकट्याने ओलांडणं हळूहळू सोडून देतो, आणि पलीकडचं औषधाचं दुकान त्याच्यापुरतं नाहीसं होतं.

अंतरापेक्षाही फेऱ्यांचा हिशोब आधी मांडावा. लहान मुलाला सोडायला आणि आणायला जायचं तर पालकाच्या दिवसाला चार एकेरी फेऱ्या होतात. वर्षाला २०० दिवस शाळा धरली तर ८०० फेऱ्या. म्हणजे शाळा १०० मीटर लांब गेली की वर्षाला ८० किलोमीटर चाल वाढली. आठवड्यातून दोनदा जायच्या दुकानासाठी तेच १०० मीटर वर्षाला जेमतेम २१ किलोमीटर होतात. सिनेमागृह, मोठं मॉल, स्टेडियम यांच्या फेऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. तरी जाहिरातीत मॉल ठळक अक्षरात आणि बसथांबा तळटीपेत. आपली यादी फेऱ्यांच्या उतरत्या क्रमाने लावली की हा गोंधळ सुटतो. अपवाद एकच, रुग्णालय. तिथे फेऱ्या मोजायच्या नसतात, मध्यरात्री तिथे तातडीचा विभाग चालू असतो का आणि रुग्णवाहिका आपल्या गल्लीत वळू शकते का हे बघायचं असतं. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या केल्यावर मध्ये साडेतीन मीटरपेक्षा कमी जागा उरत असेल तर अग्निशमनाच्या गाडीचं काही खरं नाही.

वाट चालून बघताना

पहिली चक्कर गाडीतून मारायचीच नाही. दारातून निघून शाळेच्या फाटकापर्यंत चालत जावं आणि तीन गोष्टी टिपाव्यात. फूटपाथची सर्वांत अरुंद जागा किती, सरासरी नव्हे. दोन मीटरच्या फूटपाथवर मध्येच विजेचा खांब किंवा डीपी असेल आणि बाजूला ७० सेंटिमीटर उरत असतील तर बाबागाडी कशीबशी जाईल, व्हीलचेअर जाणार नाही, तिला ९० लागतात. दुसरं, प्रत्येक ओलांडणीला गाड्यांचा वेग. चालकाला भान यायला एक सेकंद धरला तर कोरड्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते, ५० ने येणारी २८ मीटरमध्ये. वेग दुपटीहून कमी वाढला तरी अंतर दुपटीवर जातं, कारण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणून वळणापासून वीस मीटरवर असलेली ओलांडणी ३० च्या रस्त्यावर ठीक आणि ५० च्या रस्त्यावर धोक्याची. तिसरं, सावली आणि दिवे. दिवसा छान वाटणारी पायवाट संध्याकाळी दोन दिव्यांच्या मध्ये काळोखात बुडत असेल तर तिचा उपयोग अर्धा दिवसच.

बसचं वेळापत्रक बघताना थांबा किती जवळ यापेक्षा बस किती वेळाने येते ते बघावं. न बघता थांब्यावर गेलं तर सरासरी वाट दोन बसमधल्या वेळेच्या निम्मी बघावी लागते. अर्ध्या तासाने एक बस आणि पुढे वीस मिनिटांनी एक गाडी, म्हणजे १५ अधिक १० अशी २५ मिनिटं नुसती उभं राहण्यात. पहिल्या बसची वेळ घड्याळाकडे बघून साधता येते, मधल्या बदलीची नाही. थांबा ४०० मीटरच्या आणि स्टेशन ८०० मीटरच्या आत असेल तर बहुतेक माणसं चालत जातात, हा नियोजनातला जुना ठोकताळा आहे आणि तो बऱ्यापैकी खरा आहे. शेवटची बस किती वाजता सुटते हेही विचारावं. घरात कॉलेजात जाणारं मूल असेल तर त्याचं संध्याकाळचं सगळं वेळापत्रक त्या एका बसवर ठरतं.

आता उलट बाजू. सोय फार जवळ असली की तिचा त्रास होतो. शाळेला लागून घर घेतलं तर रोज दोनदा फाटकापुढे गाड्यांची रांग लागणार आणि नेमकी तेव्हाच आपली गाडी बाहेर काढायची असणार. दुकानांच्या मागच्या बाजूला घर असेल तर पहाटे मालाच्या गाड्यांचा रिव्हर्सचा पिपाणा आणि रात्रभर शीतगृहाच्या कॉम्प्रेसरची घरघर. दिवसा ती घरघर रहदारीत बुडते, त्यामुळे घर बघायला दुपारी गेलेल्याला ऐकूच येत नाही. मैदानाचे प्रखर दिवे कोणत्या खोलीवर पडतात आणि किती वाजता मालवतात हेही रात्री गेल्याशिवाय कळत नाही. बसथांब्याला लागून असलेल्या घरापेक्षा तीन घरं सोडून असलेलं घर केव्हाही चांगलं. उद्यानाचं मात्र वेगळं आहे: घरांच्या पुढच्या खिडक्या उद्यानाकडे असतील तर दोघांचाही फायदा, कारण खेळणाऱ्या मुलांवर आपोआप नजर राहते. घरांच्या पाठी आणि उंच कुंपणं उद्यानाकडे असतील तर ते उद्यान संध्याकाळी ओस पडतं. आकारही बघावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने सुचवलेलं माप घरापासून ३०० मीटरच्या आत निदान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असं आहे. दोन बाकं आणि एक घसरगुंडी म्हणजे उद्यान नव्हे.

आवाजाबद्दल थोडं गणित कामाला येतं. सतत वाहत्या रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज ३ डेसिबलने उतरतो, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला सुमारे १० डेसिबल उतरावे लागतात. म्हणजे २० मीटरवरचं घर सोडून ४० मीटरवरचं घेतलं तर फरक जेमतेम जाणवेल. निम्मा वाटायला मोकळ्या जागेत १० पट लांब जावं लागेल, किंवा मध्ये घरांची एक रांग हवी. झुडपांचं कुंपण नजर अडवतं, आवाज नाही. भरीव भिंत रस्ता दिसेनासा करण्याइतकी उंच असेल तर साधारण ५ डेसिबल कमी होतात, भिंतीला फाटकाची फट असेल तर त्यातलेही काही परत येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये रहदारीच्या आवाजासाठी शिफारस केलेली मर्यादा दिवस-संध्याकाळ-रात्रीच्या भारित सरासरीला ५३ आणि रात्रीला ४५ डेसिबल आहे, तीही घराबाहेर मोजलेली. मोबाइलमधलं अ‍ॅप अचूक आकडा देत नाही, पण एकाच मोबाइलने दोन घरांची तुलना करायला पुरतं.

दारापासून रस्त्यापर्यंत

घर आणि परिसर यांच्यामधला हा पट्टा कुणी नीट बघत नाही, आणि सोयी वापरल्या जातात की नाही हे इथेच ठरतं. सायकल १८० सेंटिमीटर लांब आणि हँडलजवळ ६० रुंद असते. ती ठेवायला दाराजवळ, छताखाली जागा नसेल आणि दर वेळी बैठकीच्या खोलीतून उचलून न्यावी लागत असेल, तर महिन्याभरात ती मागे गंजत पडते आणि दीड किलोमीटरवरच्या वाचनालयात जायलाही गाडी निघते. बाबागाडीला दारातल्या तीन पायऱ्या तेवढ्याच जड. मुख्य दाराची मोकळी रुंदी, म्हणजे पल्ला उघडल्यावर उरलेली, ८० सेंटिमीटर हवी. पायऱ्यांच्या जागी रॅम्प करायचा तर १ ला १२ उतार धरतात, म्हणजे ४५ सेंटिमीटर जोत्याला ५.४ मीटर लांबी लागते. एवढी जागा पुढे आहे का ते आजच मोजावं. पुढे कुणाचा पाय मोडल्यावर ती तयार होत नाही. कचऱ्याच्या डब्यांचंही तेच. चाकांचा २४० लिटरचा डबा साधारण ५८ सेंटिमीटर रुंद आणि ७४ खोल असतो, तसे दोन-तीन डबे ठेवून माणूस जायला वाट उरली पाहिजे.

गाडीच्या जागेची जाहिरात तर फसवी असतेच. मधल्या आकाराची गाडी आरशांसह २ मीटर रुंद होते, दार उघडून माणूस उतरायला आणखी ६० ते ७० सेंटिमीटर लागतात, बाळाची सीट काढायची तर त्याहून जास्त. आतून २.४ मीटर रुंदीच्या गॅरेजात गाडी जाते, माणूस उतरत नाही. शेवटी तिथे अडगळ साठते आणि गाडी रस्त्यावर उभी राहते. आतून ३ मीटर असेल तरच गॅरेज म्हणावं. गॅरेजच्या दारापासून फूटपाथच्या कडेपर्यंत साडेपाच मीटर हवेत, नाहीतर उभ्या गाडीचं शेपूट फूटपाथवर येतं. उतार १ ला ८ पेक्षा तीव्र असेल तर जिथे उतार संपून सपाटी सुरू होते तिथे गाडीचा खालचा भाग घासतो. आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना २ मीटरपर्यंत कुंपणाची भिंत ६० सेंटिमीटरहून उंच नसावी. त्यापेक्षा उंच असेल तर गाडी बाहेर काढताना फूटपाथवरून चालत येणारं लहान मूल दिसतच नाही.

गॅरेजात विजेच्या गाडीचा चार्जर लावायचा विचार असेल तर ७ किलोवॉटच्या चार्जरला सुमारे ३२ अँपिअर लागतात, आणि तेही सलग कित्येक तास. गिझर किंवा इस्त्री थोडा वेळ चालून बंद होतात, म्हणून त्यांना चालणारी जुनी वायर याला चालत नाही, ती तापते. मुख्य बोर्डपासून वेगळी लाइन लागते. बोर्ड घराच्या एका टोकाला आणि गॅरेज दुसऱ्या टोकाला असेल तर वायरचा खर्च चार्जरच्या बरोबरीला जाऊ शकतो. बोर्डजवळ गेलोच आहोत तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारी कळ, आहे का बघावं आणि तिचं टेस्ट बटण दाबावं. दाबल्यावर पुरवठा तुटला नाही तर ती नुसती शोभेची आहे.

पाणी कुठून येतं, कुठे जातं

घराच्या बांधकामातल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी पाणी असतं. म्हणून जोरदार पाऊस पडून गेल्यावर तासाभरात घर बघायला जावं, त्याच्यासारखी तपासणी नाही. जमीन घरापासून बाहेरच्या दिशेने पहिल्या ३ मीटरमध्ये १५ सेंटिमीटर उतरायला हवी. लांब पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवली की हे दहा मिनिटांत मोजता येतं. जुन्या वस्तीत रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढतात, एकेक ४-५ सेंटिमीटरचा, आणि वीस-तीस वर्षांत रस्ता घराच्या अंगणापेक्षा उंच होतो. मग रस्त्याचं पाणी फाटकातून आत येतं, आणि घराचा यात काही दोष नसतो. फाटकापाशी आडवी जाळीची नाली नवी घातलेली दिसली तर हा प्रश्न आधी येऊन गेलेला आहे असं समजावं.

छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. १२० चौरस मीटर छपरावर तासाला ५० मिलिमीटर पडला तर ६००० लिटर पाणी पन्हळीतून खाली येणार. ते पाइपातून पायाच्या कडेलाच ओतलं जात असेल तर ओल येणारच. ते निदान दीड-दोन मीटर लांब न्यावं, शोषखड्डा असेल तर तो पायापासून ५ मीटरवर.

पुराच्या नकाशावर “शंभर वर्षांतून एकदा” लिहिलेलं असतं त्याने निर्धास्त होऊ नये. त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत निदान एकदा पाणी शिरण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारातून एकापेक्षा थोडी जास्त.

ओल कुठली हे तिच्या जागेवरून ओळखता येतं. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत आडवा पट्टा, वर क्षारांची पांढरी पूड, तर पाणी खालून चढतंय. बऱ्याचदा कारण इतकंच की बाहेर बागेची माती किंवा फरशी चढवत चढवत जोत्यातल्या ओल-रोधक थराच्या वर नेलेली असते. ती १५ सेंटिमीटर खाली ठेवली की निम्मं काम होतं. एकाच जागी गोल डाग असेल तर पाइप किंवा छप्पर. कपाटामागे, खोलीच्या थंड कोपऱ्यात काळी बुरशी असेल तर ती आतल्याच हवेतली वाफ आहे, तिला रसायनं फासून काही होत नाही, खिडकी उघडी ठेवावी लागते. ताज्या रंगाचा वास येणारी एकच भिंत मात्र दोनदा बघावी.

भेगांना उगाच घाबरू नये. केसाएवढ्या, १ मिलिमीटरच्या आतल्या भेगा गिलाव्याच्या असतात. दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली आणि भिंतीच्या आतबाहेर दोन्हीकडे दिसणारी भेग म्हणजे पाया असमान खचतोय. ५ मिलिमीटरच्या पुढे गेली असेल तर बांधकाम अभियंत्याला आणल्याशिवाय पुढची बोलणी करू नयेत. चिकणमातीच्या जमिनीवर घराजवळ मोठं झाड असेल तर मुळं कोरड्या दिवसांत माती सुकवतात आणि ती आकसते. लगेच झाड तोडणं हा उपाय नव्हे. मुळांनी ओढायचं थांबवलं की माती पुन्हा पाणी पिऊन फुगते आणि आता पाया वर उचलला जातो.

नळ तपासताना १० लिटरची बादली आणि घड्याळ पुरे. सगळ्यात वरच्या बाथरूममधला नळ उघडून बादली एका मिनिटात भरली तर उत्तम. पावणेदोन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर शॉवर रडत चालणार. मग स्वयंपाकघरातला नळही उघडून पुन्हा मोजावं. ही चाचणी सकाळच्या गर्दीच्या वेळी करावी, दुपारी सगळ्यांकडेच दाब चांगला असतो. गच्चीवरची टाकी शॉवरच्या ३ मीटर वर असेल तर दाब ०.३ बार मिळतो, कारण १० मीटर उंचीला जवळपास १ बार.

सांडपाण्यासाठी सगळे फ्लश एकामागोमाग सोडून बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडावं. पाणी वाहून गेलं पाहिजे, चेंबरमध्ये चढता कामा नये. चेंबरच्या भिंतीवर वरपर्यंत जुनी रेघ असेल तर ते अधूनमधून तुंबतं. १०० मिलिमीटरच्या पाइपला १ ला ४० ते १ ला ८० उतार हवा. म्हणूनच मागच्या बाजूला नवं बाथरूम बांधायचे बेत फसतात: रस्त्यावरच्या लाइनपर्यंत २० मीटर असतील तर १ ला ८० नेही २५ सेंटिमीटर खोली लागते, आणि सार्वजनिक लाइन तेवढी खाली नसली की पंप बसवावा लागतो. बंद घरात बाथरूममधून दुर्गंधी आली तर मात्र लगेच नाक मुरडू नये. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी अडून राहणाऱ्या वळणात, दुर्गंधी रोखणारं ५० मिलिमीटर पाण्याचं बूच असतं, घर महिनोन्‌महिने बंद राहिलं की ते सुकतं. तांब्याभर पाणी ओतून तासाभराने पुन्हा वास घ्यावा. तरीही येत असेल तर शोध घ्यावा.

व्यवहारापूर्वी नियोजन कार्यालयात जाऊन दोन कागद मागावेत. शेजारच्या मोकळ्या जागेवर आराखड्यात काय दाखवलंय ते, कारण आज ज्या मोकळ्या जागेमुळे घर हवेशीर वाटतं तिथे उद्या चार मजले उठू शकतात, किंवा समोरची शांत गल्ली रुंद होऊन दोन मोठ्या रस्त्यांना जोडली जाऊ शकते. दुसरा कागद शाळेकडे जाणाऱ्या त्या पायवाटेचा. ती सार्वजनिक मालकीची आहे की कुणाच्या प्लॉटमधून सवयीने पडलेली? सवयीची असेल तर नवा मालक आला की कुंपण पडतं, आणि ४०० मीटरवरची शाळा एका दिवसात सव्वा किलोमीटरवर जाते.